केनियाची वाफ, केनियाचा वारा

केनिया म्हटले की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांसमोर सिंह, जिराफ आणि भाला घेऊन उभा असलेला मसाई येतो. वर्तमानपत्रांनी आणि सिनेमांनी आपल्याला तशी सवयच लावून ठेवली आहे. त्या देशात वीज कशी तयार होते आणि ती कोणाच्या घरी जाते, हा विषय आम्ही या व्याख्यानमालेसाठी घेतला असे कळताच एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, इथलेच बिल भरता भरता नाकी नऊ येतात, आता आफ्रिकेतली वीज कशाला काढता?" प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

केनियात आज जी वीज तयार होते तिच्यातील दर दहा युनिटांपैकी सुमारे नऊ युनिटे जमिनीतील वाफ, नदीचे पाणी, वारा आणि ऊन यांपासून मिळतात. आपल्या देशात दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन अजून दगडी कोळशावर होतात. ज्या गोष्टीसाठी मोठमोठ्या राष्ट्रांच्या परिषदा भरतात, ती गोष्ट गरीब म्हणून हिणवल्या जाणाऱ्या एका देशाने बव्हंशी करून दाखविली आहे. पण याच्या शेजारीच दुसरा एक आकडा ठेवावा लागतो. साडेपाच कोटी वस्तीच्या या देशाची विजेची कमाल मागणी 2,300 मेगावॅटच्या आसपास आहे. एक मेगावॅट म्हणजे शंभर वॅटचे दहा हजार दिवे एकदम लावण्याइतकी वीज. आपल्या मुंबईची ऐन उन्हाळ्यातील मागणी चार हजार मेगावॅटच्या घरात जाते. सारा केनिया मिळून एका मुंबईच्या निम्म्याहून थोडी अधिक वीज वापरतो. त्याला तेवढीच लागते असे कोणी समजू नये. त्याला तेवढीच परवडते.

निसर्गाने भरभरून दिले आणि माणसाच्या पदरात चिमूटभर पडले, हे असे का व्हावे, एवढाच आमचा विषय आहे.

आम्ही काही विजेचे इंजिनिअर नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या युनियनमध्ये गेले. तरी विजेशी आमची गाठ पडली ती भारनियमनाच्या दिवसांत. एका कारखान्यात वीज गेली की पाळी बसून राही आणि महिनाअखेर पगारातून ते तास कापले जात. वीज जाण्यात कामगाराचा दोष काय, हे विचारायला आम्ही गेलो आणि तेव्हापासून वीज कोठून येते, कोण विकतो, कोण ठरवितो, हे वाचण्याचा नाद लागला. केनियाकडे लक्ष गेले ते मात्र दुसऱ्या वाटेने. पंजाबातून लहानपणी तिकडे गेलेल्या माखनसिंगांनी 1935 साली तेथे कामगारांची संघटना उभी केली, हिंदी आणि आफ्रिकी कामगारांना एका झेंड्याखाली आणले आणि 1950 साली पकडले गेल्यावर इंग्रज सरकारच्या स्थानबद्धतेत अकरा वर्षांहून अधिक काळ काढला. गोमंतकीय आईबापांच्या पोटी नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटो हेही त्याच चळवळीतले. त्यांचे काही शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी आपल्याकडेच झाली. केनिया 12 डिसेंबर 1963 रोजी स्वतंत्र झाला आणि त्यानंतर सव्वा वर्षातच, 1965 च्या फेब्रुवारीत, पिंटोंचा गोळ्या घालून खून झाला. जमीन कोणाची, हा प्रश्न ते सोडायला तयार नव्हते. तोच प्रश्न पुढे वाफेच्या आणि वाऱ्याच्या कथेत पुन्हा भेटणार आहे, म्हणून ही नावे येथे घेतली.

आता वाफेकडे वळू. आफ्रिका खंडाच्या पूर्व भागातून, तांबड्या समुद्राच्या टोकापासून मोझांबिकपर्यंत, जमिनीला एक प्रचंड भेग गेली आहे. तिला रिफ्ट व्हॅली म्हणतात. तेथे पृथ्वीचे कवच ताणले जाऊन पातळ होत आहे आणि खालचा तप्त खडक इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळ वर आला आहे. केनियाच्या मधून ही भेग जाते आणि तिच्या तळाशी लाँगोनॉट, मेनेंगाई असे ज्वालामुखी ओळीने बसलेले आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, तप्त खडकाला लागते आणि दाबाखाली उकळत राहते. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीला जमिनीतून कढत पाणी येते, तेथे आपण कुंड बांधून अंघोळ करतो. केनियातील उष्णता याहून कितीतरी पट तीव्र. तीन किलोमीटरपर्यंत खोल विंधन विहीर घेतली की तीनशे अंशांच्या आसपास तापलेले पाणी आणि वाफ स्वतःच्या जोरावर वर उसळते. वर आल्यावर पाणी आणि वाफ वेगळी करतात, वाफ टर्बाइनवर सोडतात, चक्र फिरते आणि वीज होते. उरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत घालतात, नाहीतर खालचा साठा आटत जातो. बंब एकदा पेटलेला आहे, लाकूड घालावे लागत नाही, पाणी मात्र परत ओतले पाहिजे, असे समजा. पावसाळा असो, दुष्काळ असो, वारा पडलेला असो, ही वाफ रात्रंदिवस येतच राहते. सडक्या अंड्यासारखा वास येतो एवढाच त्रास. तो वास गंधकाच्या वायूचा.

नैरोबीपासून गाडीने दोन-तीन तासांवर नैवाशा नावाचे सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेस ओलकारिया. येथे 1950 नंतरच्या दशकात दोन विहिरी खोदून पाहिल्या, त्यांतून काही हाती लागले नाही आणि काम थांबले. पुढे 1970 नंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने पुन्हा खोदाई झाली आणि 1981 साली 15 मेगावॅटचे पहिले यंत्र फिरले. आफ्रिकेतील या प्रकारचे हे पहिले मोठे केंद्र. 1985 पर्यंत तीन यंत्रे होऊन 45 मेगावॅट झाले. मग पंधरा-वीस वर्षे फारशी हालचाल नाही. खरी झेप 2014 नंतरची. आज सर्व केंद्रे मिळून 900 मेगावॅटहून अधिक क्षमता आहे आणि देशाच्या दर शंभर युनिटांतील चाळीसहून अधिक युनिटे या वाफेची आहेत. सरकारी अंदाज असा की साऱ्या रिफ्ट व्हॅलीत मिळून दहा हजार मेगावॅटपर्यंत वाव आहे. अंदाज तो अंदाज. पण त्याचा चौथा हिस्सा जरी हाती आला तरी आजच्या साऱ्या देशाची मागणी भागते.

मग खोदत का नाहीत? तर विहीर ही गोष्ट जुगाराची आहे. एका विहिरीला लाखो डॉलर लागतात आणि ती कोरडी निघू शकते. आपल्याकडे शेतकरी बोअर घेतो, पाणी लागले नाही तर कर्ज तेवढे मागे राहते, तसेच हे. खाजगी भांडवल अशा ठिकाणी पाऊल टाकायला कचरते. म्हणून केनिया सरकारने 2008 साली स्वतःची एक खोदाई कंपनी काढली. सरकारने विहीर खोदावी, वाफ लागली की ती खाजगी कंपनीला विकावी, कंपनीने यंत्र बसवून वीज करावी, अशी योजना. नाकुरूजवळच्या मेनेंगाई येथे तीन कंपन्यांना 35-35 मेगावॅटची केंद्रे दिली. करार होऊन कित्येक वर्षे गेली तरी यंत्रे येईनात. हमीपत्रे, कर्जे, अटी यांतच काळ गेला आणि पहिले केंद्र 2023 साली चालू झाले. आम्हांस यात एक जुनी ओळखीची रीत दिसते. कोरड्या विहिरीचा धोका जनतेच्या पैशाने पत्करायचा आणि ओली विहीर दुसऱ्याने चालवायची. यावर उलट बाजूने असेही म्हणता येईल की सरकारपाशी यंत्रांना पैसा नव्हता, आणि ते खोटे नाही. तरीही ओलकारियातील बरीचशी केंद्रे सरकारचा मोठा वाटा असलेल्या केनजेन कंपनीनेच उभी केली व चालविली आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता जमिनीचा प्रश्न. नैवाशा-नाकुरूची ही सारी कुरणे मसाई गुराख्यांची. 1904 साली इंग्रजांनी त्यांच्याकडून एक करार करून घेतला आणि त्यांना रिफ्ट व्हॅलीतून हलवून गोऱ्या मळेवाल्यांना जागा मोकळी केली. दुसऱ्या ठिकाणी पाठविलेल्यांना 1911 साली तेथूनही उठविले. त्यातून जे ओलकारियाच्या आसपास राहिले किंवा परत आले, त्यांच्या पायांखाली पुढे वाफ सापडली. चौथ्या केंद्रासाठी 2014 साली चार वस्त्या उठवून नव्या जागी नेण्यात आल्या. दीडशेच्या आसपास पक्की घरे बांधून दिली, शाळा दिली, दवाखाना दिला. कागदावर पाहिले तर आपल्याकडच्या कित्येक धरणग्रस्तांना हेवा वाटावा असे पुनर्वसन. परंतु जमिनीचे खाते नावावर होईना, ओढ्यांनी रस्ते तुटू लागले, नैवाशाची बाजारपेठ आणि प्रवाशांपासून होणारी कमाई दूर गेली. त्यांच्यातील काहींनी कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेकडे आणि युरोपीय गुंतवणूक बँकेकडे तक्रार केली. जागतिक बँकेच्या चौकशी मंडळाने ती ऐकून घेतली. लोकांशी त्यांच्या मा भाषेत नीट बोलणेच झालेले नाही, हीही एक उणीव तेथे पुढे आली. 2016 साली मध्यस्थीने तडजोड झाली.

हे वाचताना आम्हांस मुळशीची आठवण झाली. मुंबईला वीज पाहिजे म्हणून मावळातील भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, तेव्हा 1921 साली सेनापती बापटांनी तेथे सत्याग्रह केला. धरण झाले, वीज मुंबईला गेली. तीही पाण्यावरची, आजच्या भाषेत स्वच्छ वीजच. ओलकारियाच्या मसाईंनी निदान तक्रार करून धनकोला टेबलाशी बसविले, एवढा फरक शंभर वर्षांत पडला.

त्याच नैवाशाच्या काठी गुलाबाचे मळे आहेत. काचेच्या आणि प्लास्टिकच्या घरांत फुले वाढतात आणि विमानाने युरोपात जातात. तेथील एका मोठ्या मळ्याने एका विहिरीची वाफ भाड्याने घेऊन फुलांच्या घरांना रात्री ऊब देण्याची सोय केली. दमट हवेने फुलांवर बुरशी येते ती त्यामुळे टळते आणि औषधांची फवारणी कमी लागते. फवारणीची औषधे ज्याच्या नाकातोंडात जातात त्या मजुराच्या दृष्टीनेही ही गोष्ट चांगलीच.

वाफेनंतर वारा. उत्तरेकडे तुर्काना नावाचे मोठे सरोवर आहे. इथिओपियाचे डोंगर एका बाजूस आणि केनियाचे दुसऱ्या बाजूस, मध्ये खिंडीसारखी सखल जमीन. त्यातून वारा वर्षभर एकाच दिशेने असा वाहतो की त्या भागात झाडेसुद्धा वाकलेली. तेथे 365 पवनचक्क्या उभारल्या आहेत. प्रत्येकी 850 किलोवॅट, एकूण 310 मेगावॅट. आफ्रिकेतील मोठ्यांपैकी मोठा असा हा प्रकल्प. एवढाली पाती मोंबासा बंदरातून त्या उजाड मुलखात न्यावयाची म्हणून सुमारे दोनशे किलोमीटर रस्ता आधी नीट करावा लागला. 2017 साली चक्क्या तयार झाल्या. पण तारा कोठे होत्या? वीज दक्षिणेकडे सुस्वा येथे आणण्यासाठी चारशे किलोमीटरहून लांब वाहिनी सरकारने बांधावयाची होती, आणि तिचा स्पॅनिश कंत्राटदार मध्येच दिवाळखोरीत गेला. वाहिनी पुरी झाली ती 2018 च्या सप्टेंबरात. मधल्या काळात करारानुसार न वापरलेल्या विजेपोटी अब्जावधी शिलिंगांची भरपाई सरकारच्या अंगावर आली. चक्की उभी, वारा वाहतो आहे, घरात अंधार, आणि पैसे चालू.

या कराराची रीत समजावून घेणे जरूर आहे, कारण विजेच्या दराचे मूळ तिच्यात असते. भांडवलदार म्हणतो, मी एवढा पैसा घालतो, तर तुम्ही वीज घ्या वा न घ्या, ठरलेली रक्कम मला मिळाली पाहिजे. गरजू सरकार सही करते. काम असो वा नसो, पगार चालू, अशी ही हमी. गिरणीतल्या बदली कामगाराला ती मिळाल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. 2021 साली केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी अशा करारांची तपासणी करण्यास एक समिती नेमली. खाजगी उत्पादकांची वीज केनजेनपेक्षा महाग पडते, असे तिने दाखवून दिले आणि 2022 च्या आरंभी दर पंधरा टक्क्यांनी उतरविण्यात आले.

तुर्कानाच्या वाऱ्यालाही जमिनीचा प्रश्न सुटला नाही. दीड लाख एकर जमीन प्रकल्पाच्या नावे भाडेपट्ट्याने झाली. प्रत्यक्ष चक्क्यांच्या क्षेत्राला चाळीस हजार एकर पुरले. ही जमीन कोणा एकाच्या सातबाऱ्यावरची नव्हे. सांबुरू, रेंदिले, तुर्काना असे पशुपालक लोक ती समाईक म्हणून वापरीत आलेले. त्यांनी कोर्टात दाद मागितली आणि मेरू येथील पर्यावरण व जमीन न्यायालयाने 2021 च्या ऑक्टोबरात त्या जमिनीचे दस्त कायद्याप्रमाणे झालेले नाहीत असा निर्णय दिला. वारा कोणाच्या मालकीचा नसतो, पण चक्कीचे खांब जमिनीतच रोवावे लागतात.

पाणी आणि ऊन यांवर थोडक्यात सांगतो. ताना नदीवर 1968 पासून वीस वर्षांत पाच धरणे-केंद्रे ओळीने झाली आणि पुष्कळ काळ देश त्यांच्यावरच चालला. 1999-2000 चा दुष्काळ आला तेव्हा तळी आटली, विजेचे रेशनिंग करावे लागले आणि डिझेलची जनित्रे भाड्याने आणावी लागली. वाफेकडे पुन्हा लक्ष गेले त्याचे हे एक मोठे कारण. उन्हाचे मोठे केंद्र गरिस्सा येथे 2019 साली चिनी कर्जाने झाले, 50 मेगावॅटच्या आसपास. विषुववृत्तावरच्या देशात ऊन वर्षभर सारखे असते, तेव्हा हे फारच थोडे झाले.

कोळशाचाही डाव एकदा मांडला गेला होता. लामू या प्राचीन बेटाच्या जवळ 1,050 मेगावॅटचे केंद्र उभारायचे ठरले. कोळी, नावाडी, बेटावरचे रहिवासी यांनी विरोध केला. लोकांना नीट विचारलेच नाही या मुद्द्यावर पर्यावरण न्यायाधिकरणाने 2019 च्या जूनमध्ये त्याचा परवाना रद्द केला.

आता वीज घरात कशी शिरते ते पाहू. दहा-बारा वर्षांपूर्वी केनियातील तीन घरांपैकी एकात वीज होती, आज चारांपैकी तिनांत आहे. जोडणीचा आकार 35,000 शिलिंग होता, तो 2015 साली 15,000 केला आणि हप्त्याने देण्याची सवलत दिली. ही प्रगती लहान नव्हे. जेथे तार पोहोचली नाही तेथे दुसरी युक्ती निघाली. मोबाइलवरून पैसे पाठविण्याची एम-पेसा नावाची पद्धत तेथे 2007 पासून आहे. यातला 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो शब्द स्वाहिलीत गेला. याच पद्धतीने रोज थोडे थोडे शिलिंग भरून छपरावर सौर पत्रा, दोनतीन दिवे आणि रेडिओ घ्यायचा, साधारण वर्षाने तो आपला. रॉकेलच्या चिमणीपेक्षा हे शतपटीने बरे. फक्त हप्ता चुकला की कंपनी दुरूनच दिवा बंद करते. सावकाराला निदान उंबऱ्यापर्यंत यावे लागे.

चुलीचे मात्र बदललेले नाही. 2019 च्या शिरगणतीप्रमाणे निम्म्याहून अधिक कुटुंबे लाकडावर स्वयंपाक करतात. शहरात लोणारी कोळशाची शेगडी, तिला जिको म्हणतात. पत्र्याच्या आत भाजलेल्या मातीचे अस्तर घालून कोळसा कमी लागेल अशी जिको 1980 नंतरच्या दशकात निघाली आणि ती घडविली रस्त्याकडेच्या कारागिरांनी. या कारागिरांना 'जुआ काली' म्हणतात, म्हणजे तळपते ऊन. डोक्यावर छप्पर नसलेले, मस्टरवर नाव नसलेले सारे कामकरी त्या एका शब्दात येतात. आमच्या मते केनियाच्या वीजप्रश्नात सर्वांत उपयोगी पडलेला शोध पवनचक्कीचा नसून या मातीच्या अस्तराचा आहे. त्याने कोळशाचा खर्च वाचविला तो थेट बाईच्या हातात पडला.

रात्री घरोघरचे दिवे मालवले की देशाची मागणी जवळजवळ निम्म्यावर येते. ओलकारियाची वाफ तर थांबत नाही. तेव्हा ती काही वेळा तशीच हवेत सोडून द्यावी लागते. संध्याकाळी मात्र ताण पडतो आणि 2022 पासून इथिओपियातून 200 मेगावॅट वीज विकत आणली जाते. ही रात्रीची वाया जाणारी वाफ वापरात यावी म्हणून 2017 च्या अखेरीस सरकारने कारखान्यांना रात्रीच्या जादा वापरासाठी निम्मा दर दिला. 2023 साली विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठीही वेगळा दर ठेवला, आणि नैरोबीत विजेच्या बसगाड्या रात्री भरून घेऊन दिवसा धावू लागल्या आहेत. हिशेबाच्या दृष्टीने हे सारे बिनचूक आहे. आमच्यासारख्याच्या कानाला मात्र त्यात रात्रपाळीचा भोंगा ऐकू येतो. दर निम्मा झाला की मालक यंत्र रात्री चालविणार. मग रात्रपाळीचा भत्ता किती, पहाटे सुटलेल्या बायांना घरी नेणारी गाडी कोणाची, आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप कशी लागायची, हे प्रश्न नैरोबीच्या कारखान्यांतल्या युनियनच्या सेक्रेटरीपुढे उभे राहणारच. त्याची गाठ पडली तर आम्ही त्याला मुळशीचे नव्हे, हेच विचारू.